‘सेंद्रिय’ : एका रसायनशास्त्रीय संज्ञेचा अर्थप्रवास
(चंदीगडच्या बहुभाषिक परिसराच्या संदर्भात)

पारिभाषिक संज्ञा एकार्थी असते, किंबहुना ती एकार्थी असावी म्हणूनच घडवली जाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. साहित्यातील शब्द अनेकार्थी आणि शास्त्रातील शब्द एकार्थी, हा भेद अभ्यासकांच्या अंगवळणी पडलेला आहे. परंतु एकच शास्त्रीय संकल्पना शेजारशेजारच्या भाषांत कोणकोणत्या शब्दांनी ओळखली जाते हे पाहू लागले की, या समजुतीला धक्का बसतो. चंदीगड हे अशा निरीक्षणासाठी सोयीचे ठिकाण आहे. १९६६पासून हे शहर केंद्रशासित प्रदेश असून पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांची संयुक्त राजधानीही आहे. येथील पंजाब विद्यापीठात रसायनशास्त्राचे उच्च शिक्षण इंग्रजीतून होते. मात्र विद्यार्थी ज्या शाळांतून येतात, तेथे हिंदी व पंजाबी पाठ्यपुस्तके चालतात. या विद्यापीठाचा वारसा लाहोरचा असल्यामुळे उर्दूची शास्त्रीय परिभाषाही या प्रदेशाच्या स्मृतीत आहे.

मराठी माध्यमातून शालेय शिक्षण घेतलेला विद्यार्थी या परिसरात आला, तर ज्या विषयाला तो ‘सेंद्रिय रसायनशास्त्र’ म्हणून ओळखतो त्याला हिंदीत ‘कार्बनिक रसायन’ म्हणतात, हे त्याच्या ध्यानात येते. उर्दूत तीच शाखा ‘नामियाती कीमिया’ असते. विद्यापीठाच्या आवारातून बाहेर पडून पंजाबच्या शेतीकडे वळावे, तर ‘सेंद्रिय शेती’साठी हिंदीत ‘कार्बनिक’ नव्हे, तर प्रामुख्याने ‘जैविक’ हा शब्द कानी पडतो. मराठीत जेथे एक शब्द पुरतो, तेथे हिंदी दोन शब्द वापरते. हा फरक केवळ कोशकारांच्या आवडीनिवडीचा आहे की त्यामागे संकल्पनेचा इतिहास आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

१. ‘ऑर्गनॉन’पासून ‘ऑर्गॅनिक’पर्यंत

‘ऑर्गॅनिक’ या शब्दाचे मूळ ग्रीक ‘ऑर्गनॉन’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ साधन, हत्यार, ज्याच्या योगे काम होते ते. ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्रविषयक ग्रंथांना ‘ऑर्गनॉन’ म्हटले जाते ते याच अर्थाने : तर्क हे ज्ञानाचे साधन. वाद्य हेही साधनच असल्याने ‘ऑर्गन’ हे एका वाद्याचे नाव झाले. आत्म्याचे स्वरूप सांगताना ॲरिस्टॉटल सजीव देहाला साधनांनी युक्त असा देह म्हणतो. डोळा हे पाहण्याचे आणि हात हे धरण्याचे साधन. म्हणून अवयवालाही ‘ऑर्गन’ ही संज्ञा मिळाली. शब्दाच्या मुळाशी जीव नाही, कार्य आहे, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस वनस्पती व प्राणी यांच्या शरीरात आढळणारे पदार्थ आणि खनिज पदार्थ असा भेद रसायनशास्त्रज्ञ करू लागले. स्वीडिश शास्त्रज्ञ बर्झेलियसने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘ऑर्गॅनिक रसायन’ ही संज्ञा रूढ केली. सजीवांच्या शरीरातील पदार्थ एका विशिष्ट जीवनशक्तीच्या साहाय्यानेच घडतात, अशी त्या काळी व्यापक धारणा होती. संज्ञा घडली ती या धारणेच्या छायेत.

१८२८मध्ये बर्झेलियसचाच शिष्य फ्रेडरिक व्होलर याने अमोनियम सायनेट या क्षारापासून युरिया तयार केला. युरिया हा मूत्रातील पदार्थ. त्याच्या नावातच मूत्रवाचक ग्रीक शब्द आहे. मूत्रपिंडाची मदत न घेता आपण युरिया बनवू शकतो, असे व्होलरने आपल्या गुरूला मोठ्या उत्साहाने कळवले. या एका प्रयोगाने जीवनशक्तीचा सिद्धांत कोसळला, असे पाठ्यपुस्तकांतून सांगितले जाते. विज्ञानेतिहासकारांना हे चित्र अतिसुलभ वाटते. सिद्धांत हळूहळू मागे पडला. कोल्बेने १८४५मध्ये केलेले ॲसेटिक आम्लाचे संश्लेषण व त्यानंतर बर्थेलोने केलेली अनेक संश्लेषणे यांनी त्याची गरज उरू दिली नाही. केकुलेच्या १८६१च्या पाठ्यग्रंथात या शाखेची व्याख्या ‘कार्बनच्या संयुगांचे रसायनशास्त्र’ अशी स्थिर झालेली दिसते. व्याख्या बदलली, नाव मात्र तेच राहिले. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच या भाषांत आजही ‘ऑर्गॅनिक’ हेच विशेषण चालते. ज्या सिद्धांतातून ते आले तो सिद्धांत मात्र कोणीच मानत नाही.

नावात अडकून राहिलेला हा जुना सिद्धांत भारतीय भाषांतील भाषांतरकारांसमोर एक पेच होऊन आला. भाषांतर शब्दाचे करावे की व्याख्येचे? शब्दाचे करावे, तर खंडित झालेला सिद्धांत सोबत येतो. व्याख्येचे करावे, तर पाश्चात्त्य परंपरेत त्या शब्दाला असलेले तत्त्वज्ञानातील व साहित्यविचारातील नातेसंबंध तुटतात.

२. सेंद्रिय आणि निरिंद्रिय

मराठीने शब्दाचे भाषांतर स्वीकारले. ‘सेंद्रिय’ म्हणजे इंद्रियांसह असलेले. त्याचे प्रतियोगी पद ‘निरिंद्रिय’. अलीकडे ‘असेंद्रिय’ही वापरात आहे. ‘इंद्रिय’ हा शब्द इंद्राशी निगडित आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात (५.२.९३) या शब्दाची व्युत्पत्ती देताना इंद्राची खूण, इंद्राने पाहिलेले, इंद्राने निर्मिलेले असे अनेक पर्याय नोंदवले आहेत. वैदिक भाषेत ‘इंद्रिय’ म्हणजे इंद्राचे सामर्थ्य. पुढे दर्शनांच्या परिभाषेत तो ज्ञानाच्या व कर्माच्या शक्तींचा वाचक झाला. ग्रीक शब्दाच्या मुळाशी साधन आहे, तर संस्कृत शब्दाच्या मुळाशी शक्ती. ‘ऑर्गनॉन’ला अर्थाने सर्वांत जवळचा संस्कृत शब्द ‘करण’ हा होय. सांख्यदर्शनात इंद्रिये आणि अंतःकरण यांची गणना तेरा करणांत होते. तथापि रसायनशास्त्राच्या परिभाषेत ‘करण’ या शब्दाला स्थान मिळाले नाही.

‘सेंद्रिय’ हा शब्द केवळ इंग्रजीवरून बेतलेला नवा शब्द आहे, असे मानणेही बरोबर ठरत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पहिल्याच अध्यायात द्रव्यांचे वर्गीकरण करताना इंद्रिययुक्त द्रव्य चेतन आणि इंद्रियरहित द्रव्य अचेतन असे म्हटले आहे. तेथे ‘सेंद्रिय’ व ‘निरिंद्रिय’ हीच पदे योजली आहेत. अकराव्या शतकातील टीकाकार चक्रपाणिदत्त या वचनावर भाष्य करताना वृक्षादिकांनाही सेंद्रिय, म्हणून चेतन, मानतो. सूर्याच्या गतीबरोबर वळणाऱ्या वनस्पतीचा दाखला तो देतो.

मराठी परिभाषाकारांनी हे पद चरकावरून घेतले की स्वतंत्रपणे घडवले, या प्रश्नाहून एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्या भाषेच्या विद्वत्परंपरेत आयुर्वेदाचे अध्ययन अखंड चालू होते, तेथे या पदाला आधीच एक अर्थभार होता. बर्झेलियसचे ‘ऑर्गॅनिक’ आणि चरकाचे ‘सेंद्रिय’ ही दोन्ही पदे चेतन-अचेतन भेदावर उभी आहेत. म्हणून भाषांतर सहज बसले. आणि म्हणूनच भेदाचा आधार गेल्यानंतरही मराठी वाचकाच्या मनात या पदाचा जिवंतपणाशी असलेला संबंध टिकून राहिला.

३. भारतीय भाषांतील पर्याय

भारतीय भाषांतील समांतर संज्ञा एकत्र ठेवल्या, तर त्यांचे स्थूलमानाने चार गट पडतात.

पहिला गट अवयववाचक. मराठीतील ‘सेंद्रिय’ आणि कन्नडमधील ‘सावयव’ यांचा त्यात समावेश होतो. इंद्रिय ही शक्ती व अवयव हा भाग. त्यामुळे या दोन शेजारी भाषांनी एकाच शब्दाची दोन भिन्न रूपे पाहिली, असे म्हणता येते. दुसरा गट जीववाचक. बंगाली, असमिया व ओडिया या पूर्वेकडील भाषांत ‘जैव रसायन’ अशी संज्ञा आहे. हिंदी वाचकाने ती वाचली, तर त्याचा गैरसमज होईल, कारण हिंदीत ‘जैव रसायन’ म्हणजे मराठीतले जीवरसायनशास्त्र. तिसरा गट वृद्धिवाचक. उर्दूतील ‘नामियाती’ हा शब्द ‘नामी’, म्हणजे वाढणारे, यावरून आला आहे. चौथा गट मूलद्रव्यवाचक. हिंदी, पंजाबी व गुजराती भाषांत ‘कार्बनिक’, तर तमिळमध्ये कोळसा या अर्थाच्या ‘करि’ या देशी शब्दावरून घडलेला ‘करिम’ हा शब्द आहे.

यांपैकी उर्दू संज्ञा विशेष लक्षणीय आहे. उर्दूने अरबीचे अनुकरण केलेले नाही. आधुनिक अरबीत या शाखेचे विशेषण अवयववाचक ‘उज्वी’ असे आहे. फारसीत ‘आली’ हा शब्द आहे. तो ‘आलत’, म्हणजे साधन, या शब्दापासून आलेला असून ‘ऑर्गनॉन’चा तो शब्दशः पर्याय आहे. इब्न सीनाच्या परंपरेत सजीव देहाच्या वर्णनासाठी तो पूर्वीपासून रूढ होता. उर्दूने मात्र वाढीची शक्ती निवडली. वाढ, संवेदना व बुद्धी अशा शक्तींची जी श्रेणी ॲरिस्टॉटलपासून अरबी तत्त्वज्ञानात आली, तिच्यातील पहिली पायरी म्हणजे ही वृद्धिशक्ती होय.

उर्दू संज्ञेचा मराठी भाषकांशी प्रत्यक्ष संबंध आला आहे. हैदराबाद संस्थानात १९१७मध्ये भाषांतर विभाग स्थापन झाला आणि लगेचच उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यमातून विज्ञानशिक्षण सुरू झाले. परिभाषा कशी घडवावी यावर वहीदुद्दीन सलीम यांचा ‘वजए इस्तिलाहात’ हा ग्रंथ १९२१मध्ये प्रसिद्ध झाला. मराठवाडा तेव्हा या संस्थानाचा भाग होता. त्यामुळे मुंबई इलाख्यातील मराठी वाचकाला जे ‘सेंद्रिय’ होते, तेच उस्मानियात शिकणाऱ्या मराठी भाषकापुढे उर्दूच्या रूपात येत होते. एका भाषेच्या भाषकांचे शास्त्रीय अनुभवविश्वही कसे विभागलेले असू शकते, याचे हे उदाहरण आहे.

हे चार गट म्हणजे केवळ चार आवडी नव्हेत. अवयव, जीव आणि वाढ हे तीन गट १८२८पूर्वीच्या विचाराचे तीन पैलू जपून ठेवतात. चौथा गट १८६१नंतरची व्याख्या स्वीकारतो. एखाद्या एकाच युरोपीय भाषेत शास्त्राच्या इतिहासाचे हे थर एका शब्दाखाली दडून जातात. भारतीय भाषांत ते शेजारशेजारी उघडे दिसतात. तौलनिक पद्धतीचा लाभ येथे स्पष्ट होतो.

४. लाहोर, नागपूर, चंदीगड

चौथ्या गटाची निवड पंजाबच्या बौद्धिक इतिहासाशी जोडलेली आहे. पंजाब विद्यापीठ १८८२मध्ये लाहोरला स्थापन झाले. त्याच्या उभारणीमागे देशी भाषांतून पाश्चात्त्य ज्ञानाचा प्रसार करण्याचा विचार होता. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे रुचिराम साहनी यांनी पंजाब सायन्स इन्स्टिट्यूटच्या द्वारे सामान्य लोकांसमोर त्यांच्या भाषेत विज्ञानविषयक व्याख्याने दिली. याच विद्यापीठातून १९४३मध्ये बी.एस्सी. व १९४५मध्ये एम.एस्सी. झालेले हरगोविंद खुराना यांनी पुढे अमेरिकेत संपूर्ण जनुकाचे रासायनिक संश्लेषण केले. ते १९७०मध्ये जाहीर झाले. व्होलरच्या युरियापासून सुरू झालेली वाट अशा रीतीने थेट जनुकापर्यंत पोचली. १९४७च्या फाळणीनंतर भारतातील पंजाब विद्यापीठाची घडी नव्याने बसवावी लागली आणि अखेरीस ते चंदीगडला स्थिरावले.

लाहोरमधूनच परिभाषेचा आणखी एक प्रवाह निघाला आणि तो मराठी प्रदेशात आला. डॉ. रघुवीर यांनी लाहोरमध्ये सुरू केलेली संस्था १९४६मध्ये नागपूरला आली. मध्य प्रांत व वऱ्हाड हा हिंदी व मराठी अशा दोन भाषांचा प्रांत होता. तेथे रघुवीरांनी संस्कृत धातूंवर आधारलेली विस्तृत परिभाषा सिद्ध केली. त्यांच्या योजनेत कार्बनला ‘प्रांगार’, ऑक्सिजनला ‘जारक’, तर कार्बन डायऑक्साइडला ‘प्रांगार द्विजारेय’ अशी नावे होती. ‘प्रांगार’च्या मुळाशी ‘अंगार’ आहे. कोळशावरून मूलद्रव्याचे नाव घडवण्याची ही रीत तमिळमधील रीतीशी जुळते आणि खुद्द ‘कार्बन’च्या लॅटिन मूळाशीही. ‘प्रांगार’ला परकीय म्हणून नाकारता येत नव्हते, तरी तो टिकला नाही. १९६१मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाने मूलद्रव्यांची व संयुगांची आंतरराष्ट्रीय नावे राखण्याचे धोरण स्वीकारले. ‘कार्बन’ हे नाव राहिले आणि त्याला संस्कृत प्रत्यय लागून झालेले ‘कार्बनिक’ हे विशेषण हिंदीत दृढ झाले. चंदीगडच्या शाळांतील विद्यार्थी आज हाच शब्द शिकतो.

मराठीची वाट थोडी निराळी. मराठीने कार्बनसाठी ‘कर्ब’, नायट्रोजनसाठी ‘नत्र’, फॉस्फरससाठी ‘स्फुरद’ असे आटोपशीर शब्द घडवले. ‘कर्बोदके’सारखे शब्द त्यातून आले. पण शाखेचे नाव ‘सेंद्रिय’च राहिले. अलीकडे या स्थितीत बदल होत आहे. महाराष्ट्रात २०१८मध्ये आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात या विषयावरील प्रकरणाचे शीर्षक ‘कार्बनी संयुगे’ असे आहे. मराठीही अशा प्रकारे पहिल्या गटातून चौथ्या गटाकडे सरकताना दिसते.

५. प्रयोगशाळेबाहेर

‘ऑर्गॅनिक’ हा शब्द रसायनशास्त्राबरोबर साहित्यविचारातही वाढला. भाषण हे सजीव देहासारखे असावे, हा विचार प्लेटोच्या ‘फीड्रस’मध्ये आहे, कथानक सजीव प्राण्याप्रमाणे एकसंध असावे, असे ॲरिस्टॉटलने म्हटले आहे. ए. डब्ल्यू. श्लेगेलने १८०८मध्ये व्हिएन्नात दिलेल्या व्याख्यानांत आणि त्याचा आधार घेऊन कोलरिजने शेक्सपिअरवरील विवेचनात यांत्रिक रूप व सेंद्रिय रूप असा भेद केला. बाहेरून लादलेला आकार यांत्रिक. आतून उमलत जाणारा सेंद्रिय. हा भेद आणि बर्झेलियसची संज्ञा एकाच दशकातील आहेत. कोलरिज हा रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही याचा मित्र होता, आणि १८०२मध्ये त्याने डेव्हीची व्याख्याने ऐकली होती. दोन्ही क्षेत्रे तेव्हा एकाच वैचारिक वातावरणात श्वास घेत होती.

मराठी समीक्षेत ‘सेंद्रिय एकात्मता’, ‘सेंद्रिय रचना’ हे शब्दप्रयोग रुळले. रसायनशास्त्रातील व समीक्षेतील पद एकच असल्याने युरोपीय परंपरेतील हे नाते मराठीत शाबूत राहिले. हिंदीत रसायनशास्त्राचे पद ‘कार्बनिक’ झाल्यामुळे समीक्षेला ‘सावयव’, ‘जैविक’ अशा अन्य पर्यायांकडे वळावे लागले. ‘कार्बनिक एकता’ असे कोणीच म्हणणार नाही. हिंदीची संज्ञा शास्त्रीयदृष्ट्या अधिक नेमकी आहे. पण तिच्यातून कोलरिज दिसत नाही.

शेतीच्या क्षेत्रात मात्र मराठीची ही एकपदता अडचणीची ठरते. युरियाच्या रेणूत कार्बनचा एक अणू असतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने युरिया सेंद्रिय संयुग आहे. किंबहुना या शाखेच्या इतिहासातील ते सर्वांत प्रसिद्ध संयुग आहे. परंतु सेंद्रिय शेतीत कारखान्यातील युरिया वर्ज्य असतो, आणि शेतकऱ्याच्या बोलण्यात तो ‘रासायनिक खता’चा प्रतिनिधी असतो. हरितक्रांतीचे क्षेत्र असलेल्या पंजाब-हरियाणाच्या शेतीत या खताचा वापर फार मोठा झाला; भटिंडा व पानिपत येथे त्याचे कारखाने आहेत. तेथील हिंदी विद्यार्थी युरियाला वर्गात ‘कार्बनिक यौगिक’ म्हणतो आणि ‘जैविक खेती’तून वगळतो, त्याला विसंगती जाणवत नाही. मराठी विद्यार्थ्याला मात्र ‘सेंद्रिय असलेला युरिया सेंद्रिय शेतीत चालत नाही’ असे वाक्य उच्चारावे लागते.

या विसंगतीचा उलगडा शब्दाच्या इतिहासातच आहे. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरच्या संस्थेत कंपोस्टची जी पद्धत विकसित केली, तिच्यावर त्यांनी व यशवंत वाड यांनी मिळून १९३१मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाच्या शीर्षकात भर आहे तो ‘ह्यूमस’वर, ‘ऑर्गॅनिक’वर नव्हे. शेतीसंदर्भात ‘ऑर्गॅनिक’ हा शब्द पुढे आणला तो लॉर्ड नॉर्थबोर्न यांच्या १९४०च्या ग्रंथाने. त्यांच्या दृष्टीने शेत हे एक सजीव, परस्परावलंबी भागांचे पूर्ण रूप होते. म्हणजे सेंद्रिय शेतीतील ‘सेंद्रिय’ केकुलेचा नाही, कोलरिजचा आहे. मराठीत एकाच पदाने ओळखल्या जाणाऱ्या तीन क्षेत्रांपैकी शेती आणि समीक्षा ही जवळची भावंडे. रसायनशास्त्र हे दूरचे नातलग.

याला एक छेदही आहे. गोमूत्रात युरिया असतो आणि तोच रेणू कारखान्यातही बनतो. एक ग्राह्य व दुसरा वर्ज्य ठरतो, तेव्हा लोकव्यवहारात पदार्थाच्या घटनेपेक्षा त्याच्या उगमाला महत्त्व दिले जाते. सेंद्रिय शेतीचा युक्तिवाद प्रामुख्याने जमिनीच्या आरोग्याचा व शेतीपद्धतीचा आहे, रेणूचा नाही. तरी ‘सजीवातून आलेले’ विरुद्ध ‘बनवलेले’ हा १८२८पूर्वीचा भेद भाषेत पुन्हा उभा राहतो. त्याच वेळी ‘रसायन’ या शब्दाचे भाग्य उलटते. आयुर्वेदात ‘रसायन’ म्हणजे जरा व व्याधी दूर ठेवणारे औषध. आजच्या बोलीत ‘रासायनिक’ म्हणजे संशयास्पद.

हिंदीचीही अडचण होते, पण वेगळ्या जागी. २०१५मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेच्या योजनेत जमिनीतील एक महत्त्वाचा घटक मोजला जातो. मराठीत त्याला ‘सेंद्रिय कर्ब’ म्हणतात. हिंदीत ‘कार्बनिक कार्बन’ ही द्विरुक्ती झाली असती. म्हणून तेथे ‘जैविक कार्बन’ असे म्हणावे लागते. मूलद्रव्यावर आधारलेले विशेषण त्या मूलद्रव्यालाच लावायची वेळ आली की निरुपयोगी ठरते. शिवाय कार्बन डायऑक्साइड, कार्बोनेट, सायनाइड ही कार्बनयुक्त संयुगे परंपरेने निरिंद्रिय मानली जातात. ‘कार्बनिक’ची नेमकेपणाची हमी येथेही अपुरी पडते.

६. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, संज्ञेची व्युत्पत्ती म्हणजे तिचा अर्थ नव्हे. ‘सेंद्रिय’ संयुगात इंद्रिय शोधणारा विद्यार्थी फसतो, आणि ‘कार्बनिक’वर पूर्ण विसंबणाराही. दुसरी, व्युत्पत्ती अर्थ सांगत नसली, तरी संज्ञा कोणत्या विचारातून जन्मली हे सांगते. भारतीय भाषांतील अवयव, जीव, वृद्धी व मूलद्रव्य हे चार पर्याय एकत्र वाचले, तर एका शास्त्राच्या शंभर वर्षांचा वाद त्यांत वाचता येतो. तिसरी गोष्ट मराठीच्या दृष्टीने निकडीची आहे. पाठ्यपुस्तकांत ‘कार्बनी’ येत आहे, शेतीत व समीक्षेत ‘सेंद्रिय’ राहत आहे. यामुळे युरियाविषयीचा गोंधळ कमी होईल. परंतु प्रयोगशाळा, शेत आणि कविता यांना जोडणारा शब्द विद्यार्थ्याच्या हातून सुटेल.

बदल थांबवणे हे अभ्यासकाचे काम नाही. मात्र नवी संज्ञा शिकवताना जुनी का होती आणि ती का बदलली, हे चार ओळींत सांगितले, तर विद्यार्थ्याला परिभाषेबरोबर विचारांचा इतिहासही मिळेल. चंदीगडसारख्या शहरात हे काम वेगळे करावे लागत नाही. तेथे शेजारच्या बाकावरचा विद्यार्थी त्याच संयुगाला दुसऱ्या नावाने हाक मारीत असतो. मराठीच्या वर्गात तो शेजार नाही. तो पुरवणे तौलनिक अभ्यासाला शक्य आहे.